फायब्रॉइडवरील एम्बोलायझेशननंतरची प्रतिमा-तपासणी

गर्भाशयाच्या स्नायूंत वाढणाऱ्या, कर्करोग नसलेल्या गाठींना फायब्रॉइड म्हणतात. पोट न उघडता त्यांचा रक्तपुरवठा तोडणाऱ्या एम्बोलायझेशन या उपचाराची पहिली नोंद फ्रान्समधील झाक राविना व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. मांडीच्या किंवा मनगटाच्या रोहिणीतून बारीक नळी गर्भाशयाच्या दोन्ही रोहिण्यांपर्यंत नेऊन तेथे साधारणतः अर्धा ते एक मिलिमीटर आकाराचे कण सोडले जातात. पुढे गाठीचे काय झाले, हे सोनोग्राफी आणि एमआरआय सांगतात.

इंदूरमध्ये डॉक्टर जिला ‘बच्चेदानी की रसौली’ म्हणतात, तीच मराठी घरात ‘पिशवीतली गाठ’ होते आणि अहवाल मात्र इंग्रजीत असतो. त्यातला सेंटिमीटरचा आकडा तेवढा सर्वांना कळतो, म्हणून त्याच्यावरूनच उपचाराची परीक्षा होते. हा निकष अपुरा आहे. सहा सेंटिमीटर व्यासाच्या गोल गाठीचे घनफळ सुमारे ११३ घन सेंटिमीटर असते. ते निम्मे झाले, तरी व्यास ४.८ सेंटिमीटरच्या आसपासच राहतो. तीन ते सहा महिन्यांत घनफळ बहुधा ४० ते ६० टक्क्यांनी घटते, म्हणजे उत्तम गुण आलेल्या रुग्णेलाही अहवालात ‘जेमतेम एक सेंटिमीटरचा’ फरक दिसू शकतो आणि ती उगाच खचते.

खरा प्रश्न गाठीत रक्त पोहोचते की नाही, हा आहे. गॅडोलिनियमयुक्त औषध शिरेतून दिल्यावर एमआरआयमध्ये जिवंत ऊती उजळतात आणि मृत भाग काळा राहतो. संपूर्ण गाठ काळी राहिली, तर लक्षणे दीर्घकाळ आटोक्यात राहण्याची शक्यता अधिक असते. कडेला उजळ पट्टा उरला, तर तेथून गाठ पुन्हा वाढू शकते. असा पट्टा पुष्कळदा बीजांडकोशाच्या रोहिणीकडून मिळणाऱ्या पर्यायी रक्तपुरवठ्यामुळे उरतो. येथे एक खबरदारी आवश्यक आहे. मृत गाठीत साकळलेले रक्त टी-१ या एमआरआयच्या एका प्रकारच्या प्रतिमेत औषधाविनाही उजळ दिसते, म्हणून औषधापूर्वीची व नंतरची प्रतिमा शेजारी ठेवूनच निष्कर्ष काढावा लागतो. उपचारापूर्वीच्या फिल्म आणि सीडी घरी जपून ठेवणे त्यामुळेच फार मोलाचे ठरते.

पहिल्या काही आठवड्यांत गाठीत वायूचे बुडबुडे दिसू शकतात. ताप, वाढती वेदना किंवा दुर्गंधीयुक्त स्राव नसेल, तर केवळ त्यावरून जंतुसंसर्ग ठरवता येत नाही. गर्भाशयाच्या अस्तराखालची गाठ सुटून पोकळीत उतरलेली दिसली, तर तिचे तुकडे योनिमार्गे बाहेर पडू शकतात आणि हे काही महिन्यांनंतरही घडते. कालांतराने गाठीच्या कडेला कॅल्शियमचे कवच तयार होऊ शकते. उपचारानंतरही गाठ वाढतच असेल, विशेषतः पाळी कायमची थांबलेल्या स्त्रीमध्ये, तर ती सार्कोमा हा कर्करोग नाही ना, याची तपासणी लांबणीवर टाकू नये.