बडे गुलाम अली खाँ: तिकडचे की आपले?

जळगावला बालगंधर्व महोत्सव आटोपला की पुढचे काही दिवस चहाच्या टपरीवर गाण्याच्याच गप्पा असतात, आणि कुणी बडे गुलाम अली खाँची 'याद पिया की आए' ही ठुमरी गायलेली असली की एकजण हमखास म्हणतो, भो, हे खाँसाहेब तर पाकिस्तानातले ना. झालं, वाद सुरू. म्हणून मागचं जरा नीट लिहितो.

जन्म १९०२ चा, गाव कसूर, लाहोरच्या खाली, सूफी कवी बुल्लेशाहची कबर आहे तेच. तेव्हा पंजाब एकच होता. वडील अली बक्श गवई, पण खरी तालीम काका काले खाँ यांची, घराणं पतियाळा. पोटासाठी आधी सारंगी वाजवली. १९४४ ला मुंबईत विक्रमादित्य संगीत परिषदेत गायले आणि तिथून नाव झालं.

मग फाळणी. कसूर तिकडे गेलं, खाँसाहेब काही वर्षं तिकडेच राहिले, पण परिषदा इकडे, पैसे देऊन रात्र-रात्र ऐकणारे मुंबई-कलकत्त्याचे लोक इकडे, संस्थानं तर बुडालेलीच, मग गवयानं गायचं कुणापुढं? शेवटी परत आले आणि १९५७ ला मोरारजी देसाईंच्या मदतीनं भारताचं नागरिकत्व मिळालं, मलबार हिलला राहायची सोयही झाली. कागदोपत्री मामला एवढाच.

बाकी बरंचसं ऐकीव, आणि मजा त्यातच आहे. 'मुघल-ए-आझम'ची गोष्ट त्याचे संगीतकार नौशाद स्वतः सांगायचे. खाँसाहेबांना सिनेमात गायचंच नव्हतं, दिग्दर्शक के. आसिफ हटेना, तेव्हा कटकट टळावी म्हणून त्यांनी एका गाण्याचे २५ हजार मागितले, लता-रफींना तेव्हा पाचशेच्या आत मिळायचे म्हणतात, तर आसिफनं सिगरेटचा झुरका मारत लगेच हो म्हटलं. सांगणारा बदलला की आकडा एका गाण्याचा की दोन्हीचा हे बदलतं, सिगरेट मात्र राहते. सोहनी आणि रागेश्री रागांतली ती दोन गाणी १९६० ला पडद्यावर आली. 'याद पिया की' बायको गेल्यावर सुचलं असंही सगळे सांगतात, कोणत्या साली ते विचारलं की विषय बदलतो. घरटी एका पोराला गाणं शिकवलं असतं तर फाळणी झाली नसती, हे वाक्यही त्यांच्याच नावावर फिरतं.

मला विचाराल तर वाक्यापेक्षा बंदिशी बघा. 'सबरंग' नावानं त्यांनी स्वतः रचल्या, ब्रज बोलीत. आणि पहाडी रागातलं 'हरी ओम तत्सत' हे भजन रेकॉर्डवरच आहे, त्यात ऐकीव काही नाही.

या बंदिशी टिकल्या त्या गळ्यातूनच, मुलगा मुनव्वर अली आणि कलकत्त्याचे प्रसून आणि मीरा बॅनर्जी यांच्यासारखे शिष्य यांच्यामुळे. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंचं आठवा, १९५१ ला त्या गेल्या, सोपानदेवांनी उतरवून ठेवलेलं अत्र्यांनी पुढच्या वर्षी पुस्तकात आणलं म्हणून आज आपल्याला पाठ आहे, नाहीतर जात्यापाशीच राहिलं असतं.

१९६२ ला पद्मभूषण. अर्धांगवायूनंतरही मुनव्वर अलींना सोबत घेऊन गात राहिले, १९६८ ला हैदराबादच्या बशीरबाग पॅलेसमध्ये गेले, तिथल्या रस्त्याला त्यांचं नाव आहे.

धाकटे भाऊ बरकत अली खाँ मात्र पाकिस्तानातच राहिले, ठुमरी-गझलेत मोठं नाव. टपरीवरच्या घोळाचं मूळ मला तरी इथंच दिसतं, कारण 'चुपके चुपके'वाले गझलगायक गुलाम अली हे याच बरकत अलींचे शिष्य, पाकिस्तानचे, आणि त्यांच्या वडलांनी हे नाव ठेवलंच मुळी बडे खाँसाहेबांवरून.