मारेकरी पेशीच्या पोटातच मुक्काम: घोड्यांचा गोचीड-ताप

घोड्याच्या अंगावर गोचीड सापडली आणि तो तापला, की आपल्याकडे बहुधा बाबेसियाचं नाव निघतं. पण बाबेसिया हा एकपेशीय परजीवी, जिवाणू नव्हे. त्याचं औषधही वेगळं. असाच ताप गोचिडीतून येणारा ॲनाप्लाझ्मा फॅगोसायटोफिलम हा जिवाणूही आणतो. घोड्यांमध्ये तो पहिल्यांदा ओळखला गेला तो कॅलिफोर्नियात, १९६०च्या दशकाच्या अखेरीस.

त्याने निवडलेलं घर थक्क करणारं आहे. न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी जिवाणू गिळते, गिळलेल्या जिवाणूभोवतीच्या पिशवीत पाचकरस ओतते, ऑक्सिजनचे जहाल रेणू सोडते आणि त्याला संपवते. ॲनाप्लाझ्मा नेमका हिच्याच पोटात राहतो. आपल्या पिशवीला तो पाचकरसाच्या पिशव्या जोडूच देत नाही. जहाल रेणू बनवणाऱ्या एन्झाइमचे सुटे भागही तिथे जुळू देत नाही. न्यूट्रोफिल एरवी अल्पायुषी. हा तिचा ठरलेला मृत्यूही लांबवतो, म्हणजे पिलावळ वाढायला सवड मिळते. बहुतेक जिवाणूंभोवती पेप्टिडोग्लायकन या जाळीदार पदार्थाची पेशीभित्तिका असते; ती बांधणारी बहुतेक जनुकं त्याच्याकडे नाहीत. ती भित्तिका बनू न देणं हेच पेनिसिलिनचं काम, म्हणून इथे ते वाया जातं.

घोडा ३९.५ ते ४१ अंश सेल्सिअस तापतो, खाणं सोडतो, पाय सुजतात, डोळ्यांत पिवळेपणा दिसतो, चाल डुलते. रक्तात प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी घटतात. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या नळीतलं रक्त यंत्रात गरगर फिरवून पांढऱ्या पेशींचा थर काचपट्टीवर पसरावा, गिम्सा रंग द्यावा: न्यूट्रोफिलमध्ये तुतीच्या फळासारखे निळसर-जांभळे पुंजके दिसतात. तापाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत ते बहुधा सापडत नाहीत. तेव्हा जिवाणूचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी उपयोगी. प्रतिपिंडांची (जंतूंविरुद्ध शरीर बनवतं त्या प्रथिनांची) एकच चाचणी मात्र फसवते, कारण जुना संसर्गही तीत दिसतो. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने घेऊन प्रतिपिंडांत चौपट वाढ दिसली, तरच ती खूण धरावी.

उपचार ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचा: किलोमागे ७ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, शिरेतून. ४५० किलोच्या घोड्याला ३,१५० मिलिग्रॅम, म्हणजे मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या द्रावणाचे साधारण ३१ मिलिलिटर. ते सलाइनमध्ये पातळ करून पशुवैद्यानेच सावकाश द्यावं. झटकन दिलं तर रक्तदाब कोसळून घोडा जागीच पडू शकतो; शिरेबाहेर गेलं तर मान सुजते. ताप बहुधा १२ ते २४ तासांत उतरतो. २४ तासांनंतरही हटला नाही, तर निदान पुन्हा तपासावं.

उपचाराविनाही हा ताप पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. अंगाऱ्या-उताऱ्याला श्रेय मिळतं ते त्यामुळेच, आणि तोवर डुलणारा घोडा पडून हाड मोडून घेऊ शकतो. ताप उतरला म्हणून इंजेक्शन तिसऱ्या दिवशी थांबवू नये. सात दिवसांपेक्षा कमी उपचार झालेल्या काही घोड्यांना महिन्याभरात तो पुन्हा येतो.