मेडिकल लायब्ररी की रेकॉर्ड रूम? प्लेसमेंटचं पत्र घेण्याआधी

मागच्या उन्हाळ्यात पांढरकवड्याकडच्या एका मुलीचा फोन आला. बी.लिब. म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी करते. आवाजातच आनंद होता. "मॅडम, मले हॉस्पिटलच्या लायब्ररीत इंटर्नशिप भेटली!"

काम काय सांगितलं, म्हणून विचारलं. म्हणाली, "केस पेपर लावायचे, आयपीडी नंबरानं." म्हणजे भरती पेशंटच्या नंबरानं.

म्हटलं, अगं, ही लायब्ररी नाही, रेकॉर्ड रूम आहे. थोडा वेळ गप्प राहिली, मग हळूच म्हणाली, "पण मॅडम, रॅक तं तसेच आहेत न."

रॅक खरंच तसेच असतात. नंबर, रजिस्टर, धूळ, कोपऱ्यातला पंखा, सगळं तेच. मीही फसले होते. मला दिलेल्या पत्रावर "ग्रंथालय विभाग" असं लिहिलेलं होतं आणि महिनाभर मी डिस्चार्ज झालेल्या पेशंटच्या फायलींचे गठ्ठे बांधले. दवाखान्याचं नाव सांगत नाही. पुढे पहिल्याच मुलाखतीत विचारलं, "मेश म्हणजे काय?" मी छताकडे पाहत राहिले.

फरक कळायला एकच पेशंट दोन्ही टेबलांवर ठेवून पाहा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, माणसं दगावली, ते आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. तसा एक फवारणीवाला भरती झाला असं समजा. फवारणीचं औषध ऑरगॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातलं.

तो घरी गेला की त्याची फाइल रेकॉर्ड रूममध्ये येते. तिथला माणूस पानं मोजतो, सह्या पाहतो, एमएलसीचा (पोलिसांना कळवायच्या केसचा) शिक्का आहे का ते बघतो आणि आजाराला आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड देतो. या गटाच्या विषबाधेला टी६०.०. पण तेवढ्यानं भागत नाही, विष अंगात कसं गेलं त्याचा वेगळा कोड लागतो. फवारताना चुकून झालं असेल तर एक्स४८, स्वतः घेतलं असेल तर एक्स६८, आणि ठरवताच येत नसेल तर वाय१८. डॉक्टरांनी घाईघाईत नुसतं "पॉइझनिंग" लिहिलं असेल, तर अंदाजानं आकडा टाकायचा नाही, फाइल घेऊन वॉर्डात परत जायचं. आपल्या भागात फवारणीचा अपघात आणि आत्महत्या यांची मोजणी सरमिसळ होऊ नये, ही जबाबदारी त्या एका आकड्यावर असते. हे काम हलकं आहे असं कोणी म्हणू नये.

आता लायब्ररीचं टेबल. त्याच वॉर्डातला रेसिडेंट डॉक्टर रात्री येतो आणि विचारतो, अशा पेशंटला ॲट्रोपिन या उताऱ्यासोबत प्रालिडॉक्झाइम हे दुसरं औषध दिल्याचा फायदा होतो का, पुरावा काय आहे? त्याला त्या फवारणीवाल्याचं नाव नको आहे. जगभरात अशा पेशंटांचं काय झालं ते हवं आहे. इथं मेश लागतं. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं (एनएलएम) ठरवलेली ही विषयशब्दांची यादी, पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन साठ्यात शोध तिच्यावर चालतो. "ऑरगॅनोफॉस्फेट पॉइझनिंग" हा त्यातला शब्द. पण जुन्या लेखांत "ऑरगॅनोफॉस्फरस" असंही लिहिलेलं सापडतं, म्हणून दोन्ही घालून शोधावं लागतं. मग कॉक्रेनचा, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा, आढावा हाताशी येतो. त्यात म्हटलंय की, प्रालिडॉक्झाइमसारख्या औषधानं फायदा होतो की तोटा, हे सांगायला पुरावा पुरेसा नाही. लायब्ररियन "द्या" किंवा "देऊ नका" म्हणत नाही. लेख काढून देतो, कुठे-कुठे शोधलं ते लिहून देतो. पुस्तकच हवं असेल तर ड्यूईच्या पुस्तक-वर्गीकरणाप्रमाणे ६१५.९ कडे जायचं. एनएलएमचं वर्गीकरण असलेल्या कॉलेजात क्यूव्ही या अक्षरांचा रॅक.

थोडक्यात, रेकॉर्ड रूममध्ये एका माणसाबद्दल विचारायला येतात, लायब्ररीत आजाराबद्दल.

गोपनीयतेचं गणितही यातूनच येतं. पुस्तक चार लोकांनी वाचावं म्हणून असतं. केस पेपर पेशंटचा खासगी मामला. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत भरती पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं आणि पेशंटनं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितलं तर ७२ तासांत द्यायचं, असं सांगितलेलं आहे. प्रोजेक्ट रिपोर्ट सजवायला केस पेपरचा मोबाइलवर फोटो काढणारी मुलं मी पाहिलीत. नाव झाकलं तरी नको.

दोन्ही कामांची पुढची वाट वेगळी आहे. कॉलेजच्या ग्रंथपालपदाकडे जायचं तर बी.लिब., एम.लिब., मग नेट-सेट. रेकॉर्डसाठी मेडिकल रेकॉर्ड टेक्निशियनचं वेगळं शिक्षण, त्यात कोडिंग आणि शरीरशास्त्राचे शब्द.

आपल्याकडची खरी अडचण अंतराची. गावाजवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात केस पेपर भरपूर, पण लायब्ररी म्हणावी असं बहुतेक ठिकाणी काही नसतं. जिथे पीजीची मुलं सिनॉप्सिस आणि थिसिसच्या मागे धावतात, तिथेच शोधाचे प्रश्न येतात. म्हणजे सेवाग्रामचं १९६९ पासूनचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं कॉलेज, सावंगीचं मेडिकल कॉलेज, यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेज, नाहीतर नागपूर. एसटीचा पास काढा किंवा महिनाभर खोली घ्या, पण तिथं जा. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. अशा योजनेतून दवाखान्यात जात असाल तर टेबल कोणतं, ते रुजू होतानाच विचारा.

विचारायचं ते सरळ विचारा. इथं रेसिडेंट काय मागायला येतात? कॅटलॉग कोहावर (लायब्ररीचं सॉफ्टवेअर) आहे की नुसत्या रजिस्टरात? मला पबमेडवर बसू देणार का? उत्तर "बघू" आलं तर समजा की महिनाभर पुस्तकांना लेबलं चिकटवायची आहेत. तीही चिकटवा, पण सोबत एक वही ठेवा. कोणी काय विचारलं, कोणते शब्द घालून शोधलं, किती लेख आले, त्यातले कोणते दिले. प्रमाणपत्र सगळ्यांकडे असतं. मुलाखतीला आलेल्या मुलाच्या हातात अशी वही मी आजवर एकदाच पाहिली, आणि त्याला घ्या म्हणून मीच भांडले.

ती पांढरकवड्याची मुलगी रेकॉर्ड रूममध्ये महिना काढून एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत गेली. दिवाळीच्या आधी फोन आला. "मॅडम, कोहा शिकून राहिली मी. काल एक डॉक्टर आले, म्हणे 'ओपी'वरचे लेख पाहिजे. सोबतच्या पोराले वाटलं ओपीडीचं काही असन. मले बरोबर समजलं, ऑरगॅनोफॉस्फेट. महिनाभर त्याच तं फायली लावल्या न!"