‘अकुर्वत’ शोधला तर सापडत का नाही? अचूक शब्दशोधाची पार्श्वभूमी

गीतेच्या पहिल्याच श्लोकाच्या शेवटी ‘किमकुर्वत सञ्जय’ आहे. देवनागरी पाठ उघडून शोधपट्टीत ‘अकुर्वत’ टाका. हा श्लोक येत नाही. अचूक शोध शब्द ओळखत नाही, अक्षरांमागचे संकेतांक ओळीने जुळवतो. ‘किम्’ला ‘अकुर्वत’ जोडला की ‘म्’चा ‘म’ होतो आणि सुटा ‘अ’ पाठात उरतच नाही. तोच पाठ रोमन लिप्यंतरात घेतला तर शब्द लगेच सापडतो, कारण तिथे प्रत्येक स्वराला स्वतंत्र अक्षर असते. ‘संजय’ अनुस्वाराने टाकला तर पुन्हा निराशा, कारण पाठात ‘ञ्’ आहे.

ही अडचण संगणकाच्या फार आधीची. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्याच्या नावावर आहे. त्यात ‘अग्निमीळे’ची ‘अग्निम् । ईळे’ अशी फोड मिळते. संधी सोडवून प्रत्येक पद सुटे ठेवण्याचे हे काम म्हणजे आजच्या शोधसूचीची पहिली पायरीच, आणि ते पाठांतरावर उभे होते. छापील युगात अमेरिकन संस्कृत अभ्यासक मॉरिस ब्लूमफील्ड यांनी १९०६ साली वेदमंत्रांच्या चरणांची अकारविल्हे सूची काढली. पण चरणाची सुरुवात आठवत असेल तरच ती कामाची. मधला शब्द हवा असेल तर पदसूचीच लागते.

कोल्हापुरात हा प्रश्न प्राकृताच्या बाजूने अधिक टोचतो. राजाराम कॉलेजात अर्धमागधी ही प्राकृत भाषा शिकवणारे आ. ने. उपाध्ये यांनी १९३५ मध्ये ‘प्रवचनसार’ हा जैन प्राकृत ग्रंथ संपादित करून प्रसिद्ध केला. प्राकृतात संस्कृत ‘लोक’ हा ‘लोग’, ‘लोय’, ‘लोअ’ अशा रूपांत भेटतो. जैनांच्या णमोकार मंत्रातही ‘अरिहंताणं’ आणि ‘अरहंताणं’, ‘आइरियाणं’ आणि ‘आयरियाणं’ असे दोन्ही पाठ चालतात. इथल्या जैन मठात स्वाध्यायाला बसणाऱ्याने एकच रूप टाकले, तर दुसऱ्या पाठातली सगळी स्थळे हुकतात. म्हणून प्राकृतासाठी रूपांची यादी आधी कागदावर काढावी आणि प्रत्येक रूप वेगळे शोधावे. वेळ लागतो, पण त्याला पर्याय नाही.

पाठ संगणकावर आले तेव्हा गोंधळ वाढला. जुन्या डीटीपी फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फाँट बदलला की मजकुराची रोमन खिचडी होते. अशी फाइल आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या समान संकेतांकांत, रूपांतरित करावी लागते. युनिकोडची देवनागरी १९९१ मध्ये आली, भारतीय लिप्यांसाठीच्या १९८८ च्या ‘इस्की’ या संकेतांक-मांडणीवरून. तिने संकेतांक एक केले, लेखनाच्या सवयी मात्र नाहीत. वेदपाठात अनुदात्त-स्वरिताच्या, म्हणजे उच्चारातील चढउताराच्या, खुणा अक्षरांच्या मध्ये स्वतंत्र संकेतांक म्हणून बसतात. त्यामुळे या खुणांशिवाय टाकलेला ‘अग्निमीळे’ खुणा असलेल्या पाठात जुळत नाही. खुणा काढलेली दुसरी प्रत शोधासाठी जवळ ठेवावी. विसर्गाच्या जागी कोलन टंकलेला असणे आणि जोडाक्षरात न दिसणारा जोडक (अक्षरे जोडणारा अदृश्य संकेतांक) लपलेला असणे, हे दोष डोळ्यांना कळतच नाहीत.

रोमन पाठही निर्दोष नाहीत. जपानमधील क्योतोचे अभ्यासक मुनेओ तोकुनागा यांनी महाभारत रोमन लिपीत संगणकावर आणले, त्याचा अभ्यासकांना फार मोठा उपयोग झाला. पण हार्वर्ड-क्योतो या रोमन लिप्यंतराच्या पद्धतीत दीर्घ स्वर मोठ्या अक्षरांनी लिहितात. शोधात लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळण्याचा पर्याय बंद असेल, तर ‘बल’ आणि ‘बाल’ एकाच ढिगात येतात. शिवाय ‘राम’ शोधताना ‘ग्राम’ही येतो, तो हाताने वगळावा लागतो.

निकाल कोरा आला म्हणून ‘हा शब्द ग्रंथात नाही’ असे लिहू नये. आधी नक्की असलेला, संधी नसलेला शब्द टाकून पाहावा; गीतेसाठी ‘धर्मक्षेत्रे’. तोही आला नाही तर दोष फाँटचा किंवा संकेतांकांचा. तो आला आणि हवा तो नाही, तर शब्दाचे पहिले अक्षर गाळून ‘कुर्वत’ एवढेच टाकावे.