रेस्ते म्हणजे आराम नव्हे

फ्रेंचचे निबंध तपासायला घेतले की एका तरी वहीत हे वाक्य सापडतंच: 'दिमांश, झ रेस्त.' लिहिणारीला म्हणायचं असतं, 'रविवारी मी आराम करते.' कागदावर उतरलेलं असतं, 'रविवारी मी राहते', कारण 'रेस्ते' हे फ्रेंच क्रियापद म्हणजे राहणे. अगं, कुठे राहतेस?

सगळा घोळ इंग्रजीचा. तिथे 'रेस्ट' या एकाच रूपात एकमेकांना परके असे दोन शब्द नांदतात. आरामाचा रेस्ट जुना, जर्मानिक घराण्यातला. 'उरलेलं' या अर्थाचा रेस्ट मात्र फ्रेंचमधून आलेला, तो या रेस्तेच्या गोतावळ्यातला. रेस्तेचं मूळ लॅटिन 'रेस्तारे', म्हणजे मागे थांबणं, उरणं. त्यातलं 'स्तारे' आणि संस्कृतातलं 'स्था' ही एकाच कुळातली.

म्हणून इथे इंग्रजी बाजूला सारा आणि सरळ मराठीत विचार करा. आपलं 'राहणे' जवळपास चपखल बसतं. 'ती गेली, मी घरीच राहिले': रेस्ते. 'डब्यात दोन पोळ्या राहिल्यात': रेस्ते. 'जरा गप्प राहा': तिथेही रेस्तेच. फक्त 'मी पुण्यात राहते' म्हणताना ते चालत नाही, तिथे 'आबिते' हवं. (क्वेबेकमध्ये लोक त्यालाही रेस्ते म्हणतात. तुम्ही परीक्षेत म्हणू नका.)

आरामासाठी 'स रपोझे'. उत्तरकालीन लॅटिनमधलं 'रेपाउसारे', त्याच्या पोटात 'पाउसा', म्हणजे थांबा. तो मूळचा ग्रीक, आपल्या रिमोटवरचा 'पॉज' तोच. पण तो 'स' खाऊ नका! 'झ म रपोझ', मी आराम करते. त्यातला 'म' म्हणजे तोच 'स', 'मी'साठी बदललेला. त्याच्याविना हे क्रियापद पिठाला लागतं: पाककृतीत 'लेसे रपोझे ला पात', पीठ मुरू द्या. नाहीतर मेलेल्या माणसाला: थडग्यावर 'इसी रपोझ', येथे अमुक चिरविश्रांती घेत आहेत. दमलेली मुलगी नुसतं 'झ रपोझ' म्हणाली की मला आधी कणीक आठवते, मग दफनभूमी.

'परत खाली ठेवणे' असंही एक रपोझे आहे. पुढे पुस्तक, कप असं कर्म आलं की आपोआप कळतं. त्यात कुणी अडत नाही.

आणि 'रेस्टॉरंट म्हणजे रेस्ट घ्यायची जागा' हे कृपा करून थांबवा. ते 'रेस्तोरे'वरून आलंय, म्हणजे पूर्ववत करणे, अंगात पुन्हा जीव आणणे. पॅरिसमध्ये आधी 'रेस्तोराँ' म्हणत ते एका पौष्टिक सूपला. ते पाजणाऱ्या जागेला हे नाव पडलं 18व्या शतकात.