अ‍ॅमेझॉन एसक्यूएस: युजर अकाउंट कसं काढायचं, परवानगी किती द्यायची

एसक्यूएस ही अ‍ॅमेझॉनची मेसेजच्या रांगा (क्यू) सांभाळणारी सेवा: एक प्रोग्राम क्यूमध्ये मेसेज टाकतो, दुसरा उचलतो. तिच्यात युजरनेम आणि पासवर्ड बनवण्याची जागाच नाही. रॅबिटएमक्यू या दुसऱ्या क्यू-सॉफ्टवेअरवर हात बसलेली मंडळी इथे पहिल्यांदा अडतात, कारण तिथे युजर ब्रोकरच्या, म्हणजे क्यू चालवणाऱ्या सर्व्हरच्या, आतच बनतो आणि त्याचे लिहिण्या-वाचण्याचे हक्कही तिथेच ठरतात. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर कोण कशावर काय करू शकतं हे सगळं आयएएम नावाची वेगळी सेवा बघते. तिचं शुल्क नाही आणि ती संपूर्ण अकाउंटला एकच असते. क्यू मात्र प्रदेशागणिक वेगळी: मुंबईत बनवलेली क्यू हैदराबादच्या यादीत दिसत नाही. एवढं डोक्यात पक्कं असलं की पुढचे बरेच घोळ टळतात.

मुळात अकाउंट कोणाच्या नावावर

भारतातला पत्ता देऊन अकाउंट उघडलं तर करार अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेस इंडिया या कंपनीशी होतो. ओळख पटवण्यासाठी पॅन कार्ड, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना असा एखादा कागद लागतो. कार्ड आणि फोन नंबरची पडताळणी वेगळी.

ज्या ईमेलवर अकाउंट उघडतो तो रूट युजर. त्याला कशाचीच आडकाठी नसते, म्हणून रोजच्या कामाला तो वापरायचा नाही आणि त्याची अ‍ॅक्सेस की (प्रोग्रामने लॉगिन करण्याची किल्ली) तर कधीच काढायची नाही. एमएफए (पासवर्डच्या जोडीला दुसरी पडताळणी) चालू करा आणि ईमेल कंपनीच्या सामायिक पत्त्याचा ठेवा. एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक मेलवर अकाउंट उघडलं आणि तो वर्षभरात नोकरी सोडून गेला, म्हणजे मग सगळं ऑफिस त्याला फोन लावत बसतं.

पात्रता: माणूस की प्रोग्राम?

युजर मागायला कोणी आलं की पहिला प्रश्न हाच. क्यूमध्ये मेसेज टाकणारा आणि उचलणारा प्रोग्राम अ‍ॅमेझॉनच्याच ईसीटू, लॅम्डा किंवा ईसीएस या प्रोग्राम चालवायच्या सेवांवर चालत असेल, तर त्याला युजर नकोच. त्याला रोल द्यायचा. रोलमधून मिळणारी ओळख तात्पुरती असते, ठरावीक वेळाने आपोआप बदलते आणि कुठल्या फाइलमध्ये लिहून ठेवावी लागत नाही.

प्रोग्राम बाहेर असेल, समजा चाकणच्या कारखान्यातल्या सर्व्हरवर, तर दोन वाटा आहेत. सर्टिफिकेटच्या आधारे तात्पुरती ओळख देणारी आयएएम रोल्स एनीव्हेअर ही सोय २०२२ पासून आहे. ती बसवण्याइतकं मनुष्यबळ नसेल तर त्या प्रोग्रामसाठी स्वतंत्र आयएएम युजर आणि त्याची अ‍ॅक्सेस की. एका कामाला एक युजर. तीन प्रोग्रामांत मिळून एक की वापरली, तर ती फुटल्यावर तिन्ही कामं एकदम बंद पडतात.

माणसांसाठी अ‍ॅमेझॉन स्वतः आयडेंटिटी सेंटर (सगळ्यांचं लॉगिन एका जागी सांभाळणारी सेवा) सुचवतं आणि मोठ्या कंपनीत तेच बरं. चार-पाच जणांच्या टीमला साधे आयएएम युजर चालतात. एका अकाउंटमध्ये ५,००० पर्यंत आयएएम युजर बनतात, म्हणजे कमी पडण्याचा प्रश्न नाही. 'सपोर्ट' नावाचा एकच युजर सहा जणांनी वापरायचा हा प्रकार मात्र सरळ नाकारा. उद्या क्यू कोणी रिकामी केली हे शोधायची वेळ आली तर नोंदीत फक्त 'सपोर्ट' एवढंच सापडेल.

मागणी अर्जात काय हवं

अ‍ॅडमिनकडे 'मला क्यूचा अ‍ॅक्सेस द्या' असा एका ओळीचा मेल येतो, मग दोन दिवस प्रश्नोत्तरं चालतात. त्यापेक्षा पहिल्याच मेलमध्ये क्यूचा पूर्ण एआरएन (अ‍ॅमेझॉनमधलं तिचं पूर्ण ओळख-नाव) द्यावा. त्यात प्रदेश, अकाउंटचा १२ अंकी क्रमांक आणि क्यूचं नाव हे तिन्ही येतं. फिफो (आलेल्या क्रमानेच मेसेज देणारी) क्यू असेल तर नावाच्या शेवटचं डॉट फिफो गाळू नका. मग काम काय ते लिहा: टाकायचं, उचलायचं, देखरेख ठेवायची की क्यूची रचना बदलायची. परवानगी किती दिवसांसाठी हवी आणि मंजुरी कोणाची, हेही. क्यू स्वतःच्या केएमएस (एनक्रिप्शनच्या की सांभाळणारी सेवा) कीने एनक्रिप्ट केलेली असेल तर त्या कीचा एआरएनही जोडा. बहुतेक अर्जांत नेमका हाच सुटलेला असतो.

परवानगी: 'फक्त बघायला' असं इथे नसतं

सगळ्यात जास्त विचार इथे करायचा. तयार पॉलिसींत (परवानग्यांच्या याद्यांत) अ‍ॅमेझॉनएसक्यूएसफुलअ‍ॅक्सेस आणि अ‍ॅमेझॉनएसक्यूएसरीडओन्लीअ‍ॅक्सेस या दोन समोर दिसतात आणि घाईत कोणीतरी पहिली लावून मोकळं होतं. तिच्यात अकाउंटमधल्या प्रत्येक क्यूवरच्या सगळ्या क्रिया येतात, डिलीटक्यू आणि पर्जक्यू (क्यू रिकामी करणं) धरून. पर्ज केलेले मेसेज परत मिळत नाहीत.

मेसेज टाकणाऱ्या प्रोग्रामला सेंडमेसेज पुरते. कोडमध्ये क्यूच्या नावावरून तिचा पत्ता शोधला जात असेल तर जोडीला गेटक्यूयूआरएल. एकगठ्ठा पाठवण्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही, सेंडमेसेजमध्येच ती येते.

उचलणाऱ्याला रिसीव्हमेसेज आणि डिलीटमेसेज दोन्ही हवेत. डिलीट राहून गेलं तर वरवर सगळं सुरळीत दिसतं: मेसेज येतो, काम होतं. पण मेसेज काढून टाकता न आल्यामुळे व्हिजिबिलिटी टाइमआउट (उचललेला मेसेज इतरांपासून लपून राहतो तो काळ) संपला की तोच परत येतो. हा टाइमआउट मूळ सेटिंगमध्ये ३० सेकंदांचा असतो आणि मेसेज क्यूमध्ये ४ दिवस टिकतो. तेवढ्या काळात एकाच ऑर्डरचे किती एसएमएस ग्राहकाला जातील याचा हिशेब करा. काम लांबणारं असेल तर चेंजमेसेजव्हिजिबिलिटीही द्या. लॅम्डा क्यूला जोडायचं असेल तर तिच्या रोलला रिसीव्ह, डिलीट आणि गेटक्यूअ‍ॅट्रिब्यूट्स या तीन लागतात.

आता 'मला फक्त मेसेज बघायचेत' असं म्हणणारे सपोर्टवाले. मागणी साधी वाटते, पण एसक्यूएसमध्ये मेसेजला हात न लावता आत डोकावायची सोय नाही. कन्सोलवर (अ‍ॅमेझॉनच्या वेब पानावर) पोल फॉर मेसेजेस दाबलं की ते खरोखरचं रिसीव्ह असतं. बघितलेला मेसेज तेवढा वेळ खऱ्या प्रोग्रामपासून लपतो आणि त्याचा रिसीव्ह काउंट एकने वाढतो. डेड लेटर क्यूची (वारंवार फसलेले मेसेज जिथे जातात ती वेगळी क्यू) मर्यादा दोन-तीनवर ठेवली असेल, तर नुसत्या बघण्याने चांगला मेसेज तिकडे जाऊन पडू शकतो. फिफो क्यूमध्ये त्याच ग्रुपचे मागचे मेसेजही तोवर अडून राहतात.

तयार रीडओन्ली पॉलिसीत रिसीव्हमेसेज नाही ते बरंच आहे. तिच्यातून क्यूंची यादी, सेटिंग आणि अंदाजे किती मेसेज पडून आहेत एवढं दिसतं. देखरेखीला ते पुरतं. मजकूर बघायलाच हवा असेल तर रिसीव्हची परवानगी डेड लेटर क्यूपुरती द्या. अडकलेला माल तसाही तिथेच असतो.

प्रत्यक्ष पायऱ्या

आधी ग्रुप करा, मग युजर. आयएएममध्ये पॉलिसीज उघडून क्रिएट पॉलिसी घ्या, सेवा म्हणून एसक्यूएस निवडा, वरच्या हिशेबाने क्रियांवर खूण करा आणि रिसोर्समध्ये त्या एका क्यूचा एआरएन भरा. स्टार (म्हणजे सगळ्या क्यू) टाकून सोडू नका. लिस्टक्यूज ही क्रिया तेवढी अपवाद. ती एका क्यूपुरती बांधता येत नाही, म्हणून वेगळ्या कलमात ठेवावी. पॉलिसी जेसनमध्ये हाताने लिहिणाऱ्यांसाठी: व्हर्जनसमोरची २०१२-१०-१७ ही पॉलिसीच्या भाषेची आवृत्ती आहे. तिथे आजची तारीख घालायची नसते.

ही पॉलिसी ग्रुपला लावली की युजर्समध्ये जाऊन क्रिएट युजर दाबा. नाव ६४ अक्षरांपर्यंत चालतं, मध्ये मोकळी जागा चालत नाही. माणूस असेल तर कन्सोल अ‍ॅक्सेसवर खूण करा आणि पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलण्याची अट तशीच राहू द्या. प्रोग्रामसाठी ती खूण नको. पुढच्या पानावर ग्रुप निवडा, टॅगमध्ये मंजुरी देणाऱ्याचा विभाग आणि मुदत लिहा, मग तयार करा. माणसाला लॉगिन झाल्या झाल्या एमएफए जोडायला लावा. एका युजरला आठपर्यंत उपकरणं जोडता येतात.

अ‍ॅक्सेस की युजरच्या सिक्युरिटी क्रेडेन्शियल्स या टॅबमधून निघते. सीक्रेट की फक्त त्याच वेळी दिसते. ती फाइल उतरवून घ्यायची राहिली तर नवीनच काढावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, गिटमध्ये तर अजिबात नको. एका युजरला एका वेळी दोन की ठेवता येतात, त्यामुळे काम न थांबवता की बदलता येते: नवी काढा, प्रोग्राममध्ये घाला, जुनी इनअ‍ॅक्टिव्ह करा, काही दिवस वाट बघा, मग डिलीट.

दुसऱ्या कंपनीला क्यू द्यायची असेल तर

त्यांच्यासाठी आपल्याकडे युजर काढण्याची गरज नाही. क्यूला स्वतःची पॉलिसी असते. तिच्यात त्यांचा अकाउंट क्रमांक किंवा रोल लिहायचा आणि सेंडमेसेज द्यायचं. एकाच अकाउंटमध्ये युजरची पॉलिसी किंवा क्यूची पॉलिसी, दोन्हींपैकी एकीने हो म्हटलं तरी पुरतं. अकाउंट वेगळी असतील तर दोन्हीकडून हो लागतं. कुठेही स्पष्ट डिनाय (नकार) असेल तर मात्र त्याच्यापुढे कोणाचं चालत नाही. क्यू बनवणं, डिलीट करणं, तिची सेटिंग बदलणं या क्रिया बाहेरच्या अकाउंटला देताच येत नाहीत. क्यूच्या पॉलिसीत आयएएम ग्रुपचं नाव घालता येत नाही, रोल किंवा युजरच लागतो. प्रिन्सिपलमध्ये (परवानगी कोणाला, त्या जागी) अटीविना स्टार टाकला तर क्यू साऱ्या जगाला खुली होते.

एसएनएस या सूचना पाठवणाऱ्या सेवेकडून क्यूमध्ये मेसेज येणार असतील तर तिथेही हीच पॉलिसी. एसएनएस सेवेला सेंडमेसेज द्या आणि सोर्सएआरएनची अट घालून ते आपल्या एकाच टॉपिकपुरतं बांधा.

अडलं तर

अ‍ॅक्सेस डिनाइड आलं तर तो संदेश पूर्ण वाचा. बहुतेकदा कोणत्या युजरला, कोणत्या क्यूवर, कोणती क्रिया नाकारली हे त्यातच असतं. सेंडमेसेज दिलेलं असूनही नकार येतोय आणि संदेशात केएमएसचा उल्लेख आहे, तर टाकणाऱ्याला जनरेटडेटाकी आणि डिक्रिप्ट, उचलणाऱ्याला डिक्रिप्ट द्यायचं राहिलंय. एसक्यूएसच्या स्वतःच्या एनक्रिप्शनला ही भानगड नाही. 'क्यू अस्तित्वात नाही' असं आलं तर आधी प्रदेश तपासा. पॉलिसी नुकतीच बदलली असेल तर ती सगळीकडे पोचायला थोडा वेळ लागतो, लगेच दुसरा बदल करू नका.

नोंदी आणि अकाउंट बंद करणं

कोणी क्यू बनवली, कोणी पॉलिसी बदलली हे क्लाउडट्रेल या नोंदी ठेवणाऱ्या सेवेच्या इव्हेंट हिस्टरीत ९० दिवस दिसतं. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार मात्र भारतातल्या कंपन्यांनी नोंदी १८० दिवस ठेवायच्या आहेत. म्हणून वेगळा ट्रेल बनवून नोंदी मुंबईतल्या एसथ्री बकेटमध्ये (फाइल साठवण्याच्या जागेत) साठवा. कोणी मेसेज टाकला किंवा उचलला हे मुळात नोंदलं जात नाही. ते हवं असेल तर डेटा इव्हेंट चालू करावे लागतात आणि त्याचे पैसे पडतात.

माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचा कन्सोल पासवर्ड काढा आणि की इनअ‍ॅक्टिव्ह करा. युजर लगेच डिलीट करण्याची घाई नको. कुठलं काम अडतंय का, याकडे आठवडाभर लक्ष ठेवा. अडलंच तर त्याची की कुठल्यातरी प्रोग्राममध्ये बसलेली आहे, आणि डिलीट करण्याआधी तो प्रोग्राम शोधून त्याला त्याचा स्वतंत्र युजर किंवा रोल द्यावा लागेल.