वाहतूक फलक व रस्त्यावरील पट्टे : तपासणी (ग्वाल्हेर)

वाहतूक फलक व रस्त्यावर आखलेले पट्टे चालकाला वेळेत दिसतात का, पाहताक्षणी कळतात का आणि एकमेकांशी विसंगत तर नाहीत ना, हे पारखण्याची पद्धत. भारतात फलकांसाठी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेची आयआरसी ६७ आणि पट्ट्यांसाठी आयआरसी ३५ ही संहिता वापरतात. फलक पाळण्याचे बंधन मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११९ ने घातले आहे.

खरी परीक्षा रात्रीची. दिवसा पांढराशुभ्र दिसणारा पट्टा रात्री दिव्यांच्या झोतात पार नाहीसा होऊ शकतो. थर्मोप्लास्टिक (तापवून, वितळवून लावायच्या) रंगात मिसळलेले व वरून भुरभुरलेले काचेचे बारीक मणी प्रकाश चालकाकडे परत पाठवतात. मणी निम्म्याहून थोडा जास्त रुतलेला हवा. पूर्ण बुडाला तर प्रकाश परतत नाही, वरवर बसला तर चाकांनी उखडतो. हे परावर्तन यंत्राने मोजतात. त्यात चालकाचा डोळा जमिनीपासून १.२ मीटर, दिवा ०.६५ मीटर आणि पट्टा ३० मीटर पुढे असे धरलेले असते. पावसात मण्यांवर पाण्याचा थर साचून चमक जाते, म्हणून ओल्या रस्त्याची मोजणी वेगळी करायला हवी.

ग्वाल्हेरात डिसेंबर-जानेवारीच्या दाट धुक्यात लांबचा फलक दिसतच नाही आणि अपर लाइट लावला तर उजेड धुक्यावरून उलटा डोळ्यांवर येतो. झाशी किंवा आग्र्याकडे जाणाऱ्याला तेव्हा जवळच्या कडेच्या पट्ट्याचाच आधार. त्यामुळे इथली तपासणी थंडीपूर्वी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात होणे फार गरजेचे आहे.

शहरातल्या लष्कर नावाच्या भागातील बाजारपेठेत अडचण निराळी. फलक कडुनिंबाच्या फांदीआड किंवा बॅनरमागे जातो. महाराज बाड्यासारख्या गजबजलेल्या चौकात, जिथे गाड्या वळतात नि ब्रेक मारतात, तिथलेच झेब्रा पट्टे व थांबरेषा आधी झिजतात. म्हणून रस्त्याची सरासरी न काढता या जागा स्वतंत्र तपासाव्यात. ‘थांबा’चा अष्टकोन आणि ‘रस्ता द्या’चा उलटा त्रिकोण नुसत्या आकारावरून, मागूनही ओळखता येतात, पण एकाच खांबावर चार-पाच फलक दाटले की हा फायदा उरत नाही.

काळा रंग फासून बुजवलेले जुने पट्टे ओल्या रस्त्यावर पुन्हा चमकतात आणि चालकाला चुकीच्या लेनमध्ये नेतात. ते खरवडूनच काढावेत. डांबराचा नवा थर पडल्यावर कायमचे पट्टे आखेपर्यंत तात्पुरते पट्टे पहिल्या रात्रीपासून असावे लागतात.